धागा : आतल्या गल्लीचा रस्ता – निधी, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष काम

गल्लीनंबरचार

दर पावसाळ्यात हा विषय निघतो आणि नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडून संपतो. या वेळी कागद, खडी आणि पैसा यांवरच बोलू. आकडे मांडता यावेत म्हणून एक नमुना गल्ली धरतो. ब किंवा क वर्ग नगरपरिषद, म्हणजे लाखाच्या आतलं गाव. गल्ली ४ मीटर रुंद, १२० मीटर लांब, म्हणजे ४८० चौरस मीटर. दोन्ही बाजूंना मिळून २४ घरं, खाली काळी माती.

लोक भांडतात डांबर की काँक्रीट यावर, आणि फाइल अडते रस्ता कुणाचा इथे. विकास आराखड्यातला रस्ता असेल तर काळजी नाही. मंजूर लेआउटमधला अंतर्गत रस्ता असेल तर तो नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालाय का ते पाहा. बांधकाम विभागाच्या रस्त्यांच्या नोंदवहीत त्याची नोंद लागते, किंवा मिळकत पत्रिकेवर अथवा सातबाऱ्यावर नगरपरिषदेचं नाव. बिल्डरनं प्लॉट विकून टाकले आणि रस्त्याचा सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहिला, हे लहान गावात सर्रास सापडतं. अशा जागेवर सरकारी पैसा घातला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली अधिकाऱ्यांवर लागू शकते. साहेब फाइल टेबलावर ठेवून घेतात, पण सही करत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

गुंठेवारी (मंजूर लेआउटविना गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले भूखंड) असेल तर वाट वेगळी. २००१च्या गुंठेवारी अधिनियमाखाली भूखंड नियमित करताना प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवून घ्यायची फी) आणि विकास आकार भरावा लागतो. २०२१च्या दुरुस्तीनं ही सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू झाली. गल्लीतल्या २४ पैकी ७ घरांनीच पैसे भरले असतील तर रस्ता मागताना हात तोकडे पडतात. आधी ती यादी काढा.

दरसूची

निधीचं मी लिहितो. संकलित मालमत्ता करात रस्त्याचा वेगळा डबा नसतो. नगरपरिषदांची जकात १९९९ला गेली, तिच्या बदल्यातलं सहायक अनुदान पगारातच जिरतं. त्यामुळे गल्लीचा रस्ता स्वतःच्या उत्पन्नातून होणं क वर्गात अवघड आणि बहुतेक कामं कुठल्या ना कुठल्या योजनेवर बसवली जातात.

जिल्हा नियोजन समितीकडून येणारे लेखाशीर्ष (निधीची खाती) तीन-चार: नगरोत्थान जिल्हास्तर, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना, दलितेतर वस्ती सुधारणा, रस्ता अनुदान. नगरविकास विभागाकडून थेट येतं ते वैशिष्ट्यपूर्ण कामांचं विशेष अनुदान, आणि त्याला आमदारांचं पत्र लागतंच. शिवाय आमदार निधी आणि खासदार निधी, दोन्ही वर्षाला ५ कोटी. पण आमदाराच्या मतदारसंघात दोन-तीन नगरपरिषदा आणि शंभरावर गावं असतात, तेव्हा ५ कोटी ऐकून हुरळू नका.

वित्त आयोगाचा एक बारकावा लोक विसरतात. पंधराव्या आयोगात, २०२१-२६ या काळात, लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. सगळे तुटून पडतात त्या मोकळ्या ४० टक्क्यांवर. गल्लीतली जुनी जलवाहिनी बदलायची असेल तर ते काम पाण्याच्या बांधील पैशातून मागा. रस्त्याचा खर्च तेवढा हलका होतो आणि फाइलही दोन वेगळ्या वाटांनी चालते. नव्या आयोगाचे निकष हातात आले की हीच विभागणी आधी वाचायची.

क्रम असा: सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. तांत्रिक मान्यता नगरपरिषदेच्या अभियंत्याच्या मर्यादेबाहेर गेली की सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जीवन प्राधिकरणाकडे जाते आणि तिथे वेळ लागतो. डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं सभागृह आलंय, त्यामुळे ठराव प्रशासक असलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं आपोआप होण्याचे दिवस गेले. विषय पत्रिकेवर यावा लागतो, आणि तो आणणारा सदस्य हवा.

अर्जाला नकाशा, मिळकत पत्रिकेचा उतारा, लांबी-रुंदी, चार फोटो आणि ‘हे काम अन्य निधीतून झालेलं नाही’ याची नोंद जोडा. हा शेवटचा दाखला खरं तर कार्यालयानं द्यायचा असतो, पण एकच गल्ली दोन योजनांत टाकलेली निघाली की दोन्ही रद्द होतात.

लेव्हलपट्टी

थांबा, अंदाजपत्रकाआधी लेव्हल मशिन आणा. १२० मीटरची गटार १:२०० उतारानं न्यायची तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ६० सेंमी ढाळ लागतो. १:३०० धरला तरी ४० सेंमी. मोठ्या नाल्याचा तळ तेवढा खाली आहे का? नसेल तर गटार उलट्या दिशेनं काढावी लागेल, आणि हे काँक्रीट ओतल्यावर कळून उपयोग नाही. रस्ता पाण्यानं मरतो. गाड्यांनी मरणारी गल्ली विरळाच.

दुसरं, उंची. जुन्या रस्त्यावर १५ सेंमी काँक्रीट चढवलं, पाच वर्षांनी त्यावर आणखी १०, की ओटे रस्त्याच्या बरोबरीला येतात आणि पहिल्या पावसात पाणी थेट उंबऱ्यावर. अंदाजपत्रकात ‘खोदाई’ ही बाब नसेल तर रस्ता उंच होणार हे कागदावरच दिसतं. ती ओळ शोधायची.

काळ्या मातीवर मी धरतो तो छेद: खाली २०० मिमी मुरूम-खडीचा दाबलेला थर, त्यावर १०० मिमी एम-१० साधं काँक्रीट, १२५ मायक्रॉन प्लॅस्टिक, वर १५० मिमी एम-३० (एमपुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी). एकूण ४५० मिमी, तेवढंच खोदायचं म्हणजे पातळी जिथल्या तिथे.

हिशेब: खोदाई २१६ घनमीटर, म्हणजे ७६ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती बाहेर. कुठे टाकणार हे आधी ठरवा, नाहीतर ती शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पडते आणि भांडण सुरू. खालचा थर दाबून ९६ घनमीटर, सैल माल सव्वापट ते तीस टक्के जास्त, म्हणजे सुमारे ४४ ब्रास. साधं काँक्रीट ४८ घनमीटर, वरचं ७२ घनमीटर. ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या (तयार काँक्रीट आणणारा ट्रक) बारा खेपा फक्त वरच्या थराला. भरलेला मिक्सर पंचवीस टनांच्या घरात जातो. गल्लीच्या तोंडाशी गटारीवर हलके ढापे (झाकणं) असतील तर पहिल्याच खेपेला मोडतात. तिथे तात्पुरती लोखंडी प्लेट टाकायची किंवा सेल्फ लोडिंग मिक्सर मागवायचा.

साध्या हंडी मिक्सरवर एम-३० होत नाही असं नाही, पण घमेल्यानं मोजलेली खडी आणि पाइपनं सोडलेलं पाणी यावर एम-३० कागदावरच राहतं. माल वाहता दिसला की ताकद गेली समजा.

जांभादगड

काळ्या मातीचं मान्य, पण सगळीकडे काँक्रीट हा हट्ट नको. कोकणात जांभ्याचा तळ पक्का असतो, तिथे उतारावर चांगलं डांबरी काम स्वस्तात टिकतं. फक्त पाण्याला कडेनं वाट हवी.

नमुना गल्लीला जुन्या पृष्ठभागावर ३० मिमी बिटुमिनस काँक्रीट (सिमेंटचं नव्हे, खडी-डांबराचा दाट थर) टाकायचं तर १४.४ घनमीटर, म्हणजे जवळपास ३४ टन माल. काट्याच्या पावत्या मागा आणि बेरीज करा. २२ टनांच्याच पावत्या निघाल्या तर थर सरासरी १९-२० मिमी पडलाय, कुणी खोदून बघायची गरज नाही.

टॅक कोट म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून डांबरी पृष्ठभागावर इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर), चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. २५० धरले तर १२० किलो, अर्ध्या पिंपाहून थोडं जास्त. ते फवारल्यावर आधी तपकिरी दिसतं, मग काळं होतं. काळं झाल्याशिवाय माल टाकायचा नाही. झाडलोट न करता धुळीवर फवारलं की वरचा थर पोळीसारखा सुटतो. खडीकरणावर थेट डांबर असेल तर प्राइम कोट वेगळा, ७०० ग्रॅम ते एक किलो. ही बाब अंदाजपत्रकात असते आणि प्रत्यक्षात हरवते.

तापमान: व्हीजी-३० डांबराचा माल टाकताना किमान १४० अंश, आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलिंग पूर्ण. बंदुकीसारखा थर्मामीटर फक्त वरची साय मोजतो, दांडीचा थर्मामीटर मालात खुपसून बघा. प्लांट ५० किलोमीटरवर असेल आणि डंपरवर ताडपत्री नसेल तर संध्याकाळचा शेवटचा डंपर परत पाठवायची तयारी ठेवा.

नवखा७

पेव्हर ब्लॉक बसवले तर? पाइपलाइन फुटली तर काढून परत लावता येतात म्हणतात.

लेव्हलपट्टी

@नवखा७, येतात, आणि ज्या गल्लीत पाण्याची लाइन जुनी आहे पण बदलायला पैसा नाही तिथे मी पेव्हरच सुचवेन. रिक्षा, टेम्पो, कचऱ्याची घंटागाडी जाते म्हणजे ८० मिमी, एम-४०. ६० मिमीचे ब्लॉक हलक्या वर्दळीसाठी, दुचाकी आणि अधूनमधून मोटार. ठेकेदार ६० आणतो, कारण वरून सारखेच दिसतात. उतरवताना एक ब्लॉक उभा करून टेप लावा.

पेव्हर खचतात ते ब्लॉकमुळे नाही. खालचा थर दाबलेला नसतो, किंवा दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब नसतो. कर्ब नसला की कडेची वाळू पावसात वाहते आणि ओळी उघडत जातात. खाली अंथरायची वाळू २५-३० मिमी, त्याहून जाड नको. खळगा भरायला वाळूचा १०० मिमी थर दिला की दुसऱ्या महिन्यात चाकोरी पडते.

दरसूची

पेव्हरला एक कार्यालयीन अडचण. काही लेखाशीर्षांत काँक्रीटीकरण किंवा डांबरीकरण असंच कामाचं नाव मंजूर होतं. मंजुरीनंतर पेव्हर करायचं म्हणजे सुधारित मान्यता, म्हणजे एखादा हंगाम गेला. कामाचं नाव अर्जातच नीट लिहा: ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ सोबत गटार, पाइप आणि रस्ता तिन्ही. ‘रस्ता काँक्रीटीकरण’ एवढंच लिहिलं तर गटार कुणीच करणार नाही.

अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानाकडेही बघा. जीएसटी १८ टक्के, कामगार उपकर १ टक्का, गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासला ६०० रुपये, चाचण्या, त्रयस्थ तपासणी, आकस्मिक खर्च. कामाची किंमत १० लाख असेल तर गल्लीत प्रत्यक्ष पडतो तो माल आणि मजुरी बरीच कमी. ‘दहा लाखांत एवढाच रस्ता?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पानावर असतं. उरलेलं निम्मं मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची वही).

सोसायटीखजिनदार

रस्ता हस्तांतरितच नसेल, किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेचा अंतर्गत असेल, तर खिशातूनच करावा लागतो. वाटणीवरच सगळं फिसकटतं, म्हणून तेवढंच सविस्तर.

समजा खर्च ९ लाख (आकडा निव्वळ हिशेबापुरता). समान वाटणी: २४ घरं, प्रत्येकी ३७,५००. दर्शनी लांबीनुसार: दोन्ही बाजू मिळून २४० मीटर, म्हणजे मीटरला ३,७५०. १० मीटरच्या घराला दोन्हीकडे तेच, पण १५ मीटरवाल्याला ५६,२५० आणि ७ मीटरवाल्याला २६,२५०. मोठा प्लॉटवाला म्हणतो गाडी माझी एकच जाते, छोट्या घराचा म्हणतो माझ्यापुढे रस्ताच एवढासा. दोघंही बरोबर असतात. चालणारा तोडगा म्हणजे ६० टक्के समान, ४० टक्के लांबीनुसार: १५ मीटरला ४५,०००, ७ मीटरला ३३,०००. कोपऱ्याच्या घराची लांबी ज्या बाजूला फाटक आहे तीच धरायची, दोन्ही नाही.

खरा खड्डा मोकळ्या प्लॉटांचा. २४पैकी पाच प्लॉट मोकळे, त्यांचे मालक मुंबई-पुण्यात असले आणि फोन उचलत नसले तर १,८७,५०० कमी पडतात. नोंदणीकृत संस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून थकबाकी लावता येते, आणि प्लॉट विकताना संस्थेचा दाखला लागतो तेव्हा वसूल होते. नुसतं मित्रमंडळ असेल तर काही करता येत नाही. तेवढी रक्कम बाकीच्यांनी उचलायची की तेवढा तुकडा सोडायचा हे आधीच लिहून ठेवा. तुकडा सोडू नये हे माझं मत, पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.

खातं वेगळं, दोन सह्या, रोख नाही. ठेकेदाराशी करार मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४पासून १००चा चालत नाही, ५००चा लागतो. हप्ते: खोदाई आणि खालचा थर दाबून झाल्यावर पहिला, काँक्रीट ओतल्यावर दुसरा, २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) पास झाल्यावर तिसरा, आणि किमान १० टक्के एक पावसाळा उलटल्यावर. माल आणायला आगाऊ मागतात, तर सिमेंटवाल्याच्या नावे चेक द्या.

गल्लीनंबरचार

@सोसायटीखजिनदार, यात एक भर. सार्वजनिक रस्त्यावर वर्गणीतून काम करायचं तर नगरपरिषदेची लेखी परवानगी हवी. चांगल्या हेतूनं टाकलेलं काँक्रीटही परवानगीशिवाय अतिक्रमणच. आणि ते आपण केल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कुणाची हेही त्या पत्रात लिहून घ्या.

जांभादगड

क्यूबचं कुणी लिहिलं नाही. ७२ घनमीटरला किती?

लेव्हलपट्टी

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार नमुने, पुढच्या प्रत्येक ५० किंवा त्याच्या भागाला एक. म्हणजे पाच नमुने, प्रत्येकी तीन, १५ क्यूब. ७ दिवसांचे हवे असतील तर ते जादा. क्यूब गल्लीत, आपल्यासमोर, त्याच खेपेतून भरलेले हवेत. ओल्या मालावरच खिळ्यानं तारीख आणि खूण कोरा. प्रयोगशाळेत जाणारे क्यूब वेगळ्याच ‘खास’ मालाचे असतात हा जुना खेळ आहे. शंका राहिली तर कोअर (तयार रस्त्यातून कापलेला गोल नमुना) काढा: ताकद सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के, एकही ७५च्या खाली नको. एम-३०ला म्हणजे २५.५ आणि २२.५.

सांधे: दर ४ मीटरला आडवा काप, खोली ४० ते ५० मिमी. १२० मीटरला २९ काप. रुंदी ४ मीटरच असल्यानं मधला उभा सांधा लागत नाही. कटर ओतल्याच्या दिवशीच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे यायला हवा. एप्रिलच्या उन्हात आठ-दहा तासांच्या पुढे गेलं की काँक्रीट स्वतःच, वाकडंतिकडं कापून घेतं. ‘कटर उद्या येतो’ म्हणाला तर आज ओतू देऊ नका.

पाणी १४ दिवस. आळी बांधून किंवा ओली पोती टाकून. टँकर कुणाचा हे निविदेत ठेकेदाराचं असतं, प्रत्यक्षात गल्लीतल्या बायका पाइप धरून उभ्या राहतात. मेमध्ये नळाला चार दिवसांआड पाणी येत असेल तर हे काम जानेवारीत घ्या.

दरसूची

कागद मिळवायचे तर माहिती अधिकाराआधी एक सोपी वाट. शासनाच्या २०१८च्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघता येतात. अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका तिथे मागा. नाही दाखवलं तर अर्ज: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांत. ‘रस्त्याची सर्व माहिती द्या’ लिहू नका. कामाचं नाव, वर्ष आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती, इतकंच.

मोजमाप पुस्तिकेत जाडीचा रकाना बघा. प्रत्येक ठिकाणी बरोब्बर ०.१५ लिहिलं असेल तर कुणी मोजलेलं नाही. हातानं केलेल्या कामात १४६, १५३ असेच आकडे येतात.

दोष दायित्वाचा कालावधी कार्यादेशात असतो. तो चालू असताना खड्डा पडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा. तक्रार लेखी, आवक क्रमांकासह, फोटोवर तारीख. कालावधी संपायच्या दोन महिने आधी एकदा गल्ली फिरून यादी द्या, नाहीतर सुरक्षा ठेव परत जाते आणि मग कुणी येत नाही.

साडेतीनब्रास

खड्ड्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५चा आदेश नगरपरिषदांनाही लागू आहे ना?

दरसूची

हो. भरपाई मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीपुढे दावा जातो. पावसाळ्यात खड्डा बुजवताना निदान चौकोनी कापून, चिखल काढून, टॅक मारून कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचं खडी-डांबर) दोन थरांत ठोकायला सांगा. पाण्यात ओतलेला मुरूम आठवडाभरही टिकत नाही.

नवखा७

शेवटचं विचारतो. काँक्रीट झाल्यावर नवीन नळजोडणी कशी घ्यायची? आमच्याकडे तीन प्लॉट रिकामे आहेत.

लेव्हलपट्टी

ओतण्याआधी प्रत्येक रिकाम्या प्लॉटसमोर १०० मिमीचा पीव्हीसी पाइप आडवा टाकून दोन्ही तोंडं बंद करा. केबलसाठी दर ३० मीटरला एक जादा. घरांच्या जुन्या जीआय (जस्तलेपित लोखंडी) जोडण्या त्याच वेळी बदला, गंजलेल्या जोडणीवर काँक्रीट टाकलं की दोन वर्षांत ब्रेकर येतोच. व्हॉल्व्हचं चेंबर नव्या पातळीला उचलून त्याच्याभोवती सांधा सोडा. आणि एका कागदावर प्रत्येक पाइपचं आणि व्हॉल्व्हचं अंतर जवळच्या दोन घरांच्या कोपऱ्यांपासून मोजून लिहा. एक प्रत पाणीपुरवठा विभागात आवक करून, दुसरी तुमच्या कपाटात. विभागातली हरवते.